माझ्या मेहुण्याचा सज्जा

माझ्या मेहुण्याइतकी घरांवर माया करणारा आणि माणसांचा जीव खाणारा दुसरा इसम अख्ख्या कल्याण गावात झाला नाही. मेहुणा म्हणजे हिचा थोरला भाऊ. जुन्या बाजारपेठेत, पारनाक्याच्या अलीकडे, खाली तांदळाचं दुकान आणि वर माडी असं त्यांचं घर. रस्त्यात कुणी भेटला की माणूस विचारतो, पोरंबाळं कशी आहेत. हा विचारायचा, वासे कसे आहेत, कौलं परतलीत का. एकाचा बाप गेला म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलेलो. हा बसला आणि मान वर करून आढ्याकडे बघत राहिला. घरातल्यांना वाटलं, डोळ्यातलं पाणी लपवतोय. बऱ्याच वेळानं हळूच म्हणतो कसा, "सागाचं नाही हं हे, शिसवी आहे. जपा." मी त्याला हाताला धरून बाहेर काढला. तर म्हणतो, खोटं काय बोललो?

बाजारातनं चालताना त्याची नजर खाली म्हणून नसायची. कुणाच्या सज्जाला केळफुलाची नक्षी आहे, कुणाच्या गवाक्षाला रंगीत काचा राहिल्यात, हे बघत बघत हा रस्त्याच्या मधोमध चालणार. भाजीवालीच्या पाटीत पाय घातला, गाईला धडकून तिलाच सॉरी म्हणाला. टांगेवाल्यांचे घोडे त्याला ओळखून आपणहून थांबायचे असं टांगेवालेच सांगत. कुणी जुनं घर बिल्डरला द्यायला निघाला असं कळलं की हा त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा. भांडायचा नाही, नुसता बसायचा. मालकीण बिचारी चहा देऊन देऊन थकायची. एकीनं शेवटी सांगितलं, "अहो, पाऊस आला की आमच्या अंथरुणात गळतं. तुम्ही या झोपायला." तर हा खरंच छत्री घेऊन बघायला गेला, कुठलं कौल फुटलंय ते.

मला बहीण दिली तीसुद्धा घर बघूनच. आमचं खडवलीचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, पण मधे एक सागाचा खांब होता, म्हाताऱ्यानं कुठून आणलेला देव जाणे. हा बघायला आला तेव्हा मी नवीन सदरा घालून समोर उभा. माझ्याकडे बघितलंच नाही. खांबावरनं हात फिरवला आणि माझ्या बापाला म्हणाला, पसंत आहे. मी सातवी नापास, कंपनीत हेल्पर, हे त्याला लग्नानंतर कळलं. ही मला पुढं आयुष्यभर चिडवायची, तुमच्याशी नाही, खांबाशी लागलंय माझं.

स्वतःच्या घरात तर त्यानं साधा खिळा मारू दिला नाही. कॅलेंडर तुळईला दोरीनं टांगलेलं, महिना उलटायला वहिनींना स्टुलावर चढायला लागायचं. टीव्ही आला तेव्हा अँटेना कौलांवर लावायची नाही असा हुकूम. वहिनी चिडून रविवारी सकाळी शेजारी जाऊन बसायच्या आणि हा घरी एकटा सज्जातला कठडा तेलाच्या फडक्यानं पुसायचा. तो कठडा म्हणजे त्याचा जीव. आजोबांनी करून घेतलेला, एकेका दांडीवर वेल कोरलेली, खाली सज्जा तोलणारे लाकडी मोर. आणि आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटवर त्याचा राग. डोक्यावर तीन संसार नांदतात, त्यांच्या पायाखाली मला घास उतरत नाही, म्हणायचा. आला तर जिन्यातच पाणी पिऊन जायचा. म्हणून जगात भाऊ बहिणीकडे जातो, पण आमच्याकडे भाऊबीजेला ही कल्याणला जायची. माडीवर ओवाळायचं, तिथंच जेवायचं, मग संध्याकाळपर्यंत सज्जात बसायचं. वर्षभर ही त्या एका दिवसाची वाट बघायची.

मग हिचे गुडघे गेले. पुढं छातीचंही दुखणं लागलं आणि डॉक्टरनं जिना बंद केला. त्यांच्या माडीचा जिना म्हणजे शिडीच, उभा, अरुंद, हाताला वरनं सोडलेला दोर. धडधाकट माणसाला धाप लागेल. मी मेहुण्याला सरळ सांगितलं, "दादा, यंदा तुम्ही आमच्याकडे या. नाहीतर भाऊबीज राहू द्या." ही रात्री म्हणाली, "दादाला परत इकडे यायला नका सांगू. तो येईल, पण उपाशी जाईल. मला तसं ओवाळायचं नाही." आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मला कळत होतं, तिला ओवाळायचंही होतं आणि तो सज्जाही हवा होता. पण ती ते बोलायची नाही.

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी मेहुणा आला. हिच्या हातवाल्या खुर्चीला सुतळी लावली, माप घेतलं, सुतळी खिशात घालून गेला. मला वाटलं, म्हातारा बिघडला. भाऊबीजेला निरोप आला, खुर्चीसकट या. रिक्षाच्या मागे खुर्ची बांधून आम्ही बाजारपेठेत उतरलो आणि मी वर बघितलं तर सज्जाचा कठडा मधोमध कापलेला. पुरा मोठा दरवाजा होईल एवढा. वहिनी म्हणाल्या, सुतार करवत लावायला घाबरत होता, म्हणून ह्यांनीच घेतली.

वर आजोबांच्या वेळची तांदळाची पोती ओढायची कप्पी होती, तिला नवीन दोर ओवलेला. मी तोवर कंपनीत फिटर झालेलो, दोर हातात घेऊन बघितला, गाठी ओढून बघितल्या. पक्क्या होत्या. खुर्चीत हिला बसवली, चादरीनं बांधली. बाजार जमला. समोरचा एक दुकानदार म्हणाला, "आत्या, माल कुठला? कोलम का?"

ही म्हणाली, "जुना तांदूळ आहे रे, मुकाट्यानं उचल."

हमालांनी दोर ओढला. खुर्ची वर जाता जाता वाऱ्यावर हलावी तशी फिरली आणि एका मोरावर आपटली. मोराची चोच तुटून खाली रस्त्यावर पडली. आता हा बोंब मारणार म्हणून मी मान खाली घातली.

वरनं आवाज आला, "बयोचा पाय सांभाळा रे. चादर सुटली तिच्या पायावरची."

बयो म्हणजे ही. मोराकडे त्यानं बघितलंही नाही. दोन्ही हात पुढं करून तिला आत ओढली. तिनं खुर्चीतनंच ओवाळलं, पोटभर जेवली. नंतर खुर्ची सज्जात कापलेल्या जागेपाशी ठेवली. ती बराच वेळ खाली बघत बसली. मग म्हणाली, "दादा, लहानपणी मी दांड्यांतनं बघायचे. अर्धा माणूस दिसायचा. आज सगळे पुरे दिसतायत."

हा म्हणाला, "आधीच कापायला पाहिजे होतं."

पुढची दिवाळी तिनं बघितली नाही. सुतार कापलेल्या दांड्या जोडून द्यायला आलेला, मेहुण्यानं परत पाठवला. वहिनींनी पोरं पडू नयेत म्हणून तिथं दोर बांधलाय. भाऊबीजेला मी जातो. मला कुणी बोलावत नाही, का आलात असंही कुणी विचारत नाही. आम्ही दोघं म्हातारे त्या जागेपाशी बसतो. वहिनी चहा ठेवून जातात. खाली माणसं जातात, येतात. तो कधीमधी म्हणतो, भावोजी, तो बघा, किती मोठा झाला तो पोरगा, बयो त्याला ओळखायची. मी हो म्हणतो. मला तो पोरगा माहीतही नसतो.