मुलुंडचा चिलगोजा

कोकण आणि मुलुंड सोडून मार्तंड पाटकर कुठे गेला नव्हता, पण हिमालय त्याला पाठ होता. कचेरीत ट्रेसिंगच्या कापडावर नकाशे गिरवायचं त्याचं काम. छप्पन साली जंगलांच्या एका पुस्तकासाठी, चिलगोजा कुठं कुठं उगवतो ते दाखवणारा, देशाचा आणि आसपासच्या मुलखाचा नकाशा त्याच्याकडे आला.

सतलजचं वरचं खोरं, चिनाबचं खोरं, पलीकडे चित्रळ, अफगाणिस्तानचे पूर्वेकडचे डोंगर. सहा हजार फुटांच्या आसपास आणि त्याहून वर, पावसाचे ढग जेमतेम पोचतात अशा कोरड्या उतारांवर हा पाइन उगवतो. हिरवी शाई भरता भरता मार्तंड तिथं जाऊन बसायचा. चंदेरी सालीची झाडं, पायाखाली वाळक्या सुया, आणि स्वतःचा श्वास ऐकू यावा इतकी शांतता.

"मार्तंडा, उतर रे खाली, चहा आलाय!" शेजारच्या टेबलावरून हाक यायची.

घरी खिडकीत, तुपाच्या डब्यात, त्याचं बोटभर चिलगोज्याचं रोप होतं. मेवेवाल्यानं दिलेल्या कच्च्या बियांतली एकच रुजली होती. ते जगावं आणि नकाशात यावं, एवढाच त्याचा हट्ट. बायको सुगंधा गावाकडच्या रीतीनं त्याला रोज तांदळाचं धुवण घालायची. शेवटी मार्तंडनं मुलुंडवर एक हिरवा ठिपका दिलाच.

"पाटकर, हा डाग कसला?" नाडकर्णी साहेबांनी विचारलं.

"माझ्या खिडकीतलं रोप, साहेब."

साहेब हसले नाहीत. "लावलेलं झाड नकाशात धरत नाहीत हो. आपणहून उगवतं तेवढंच."

मार्तंडनं ब्लेडनं ठिपका खरवडला. फार मनाला लागलं त्याच्या ते.

घरी आला तर रोपानं मान टाकलेली. धुवणानं मुळं कुजली होती.

"मीच मारलं हो," सुगंधा रडत म्हणाली. "माया केली ती नडली."

इतक्यात त्यांची सहा वर्षांची कुंदा शाळेचा फॉर्म घेऊन आली. 'मूळ गाव' या रकान्यात पाटकर मंडळी मुंबईत कितीही वर्षं राहिली तरी कोकणातलं आडिवरेच लिहीत. मार्तंडनं टाक टेकवला आणि थांबला. कुंदा याच खोलीत जन्मली होती.

"आपल्याला इथं आणून लावलंय गं," तो सुगंधाला म्हणाला. "ही आपणहून उगवलीय."

त्यानं लिहायला घेतलं, मुलुंड.

सुगंधानं डोळे पुसले. "ठसठशीत काढा हो अक्षर," ती म्हणाली. "मागाहून कुणाला खरवडता यायला नको."