ग्लेनिसच्या बाटल्या

ॲडलेडच्या त्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काचसामान धुणारी ग्लेनिस प्राउस बाटल्यांच्या बाबतीत भारी सोवळी होती. तिने तीव्र आम्लाने धुतल्याशिवाय बाटलीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्याला कारणही होतं. डॉ. डेस्पिना कार्वेलास सोन्याचे इतके बारीक कण बनवायची, की त्यांचं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसे. त्यात रक्तातला द्राव टाकायचा. कॅन्सरची खूण असली की कण एकमेकांना चिकटून पाणी निळं पडे. बाटलीला जरा मळ असला तरीही निळंच. पुढे हेच कण गाठीपर्यंत औषध पोचवतील, असं डेस्पिनाचं स्वप्न होतं.

चाचणी पारखायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते ग्लेनिसने रीतसर सही करून दिलं. कुपीवर 'निरोगी' अशी चिठ्ठीही तिनेच चिकटवली.

"घ्या डॉक्टरीणबाई! अठ्ठावन्न वर्षांत साधा ताप नाही."

पाणी निळं झालं.

"ग्लेनिस, बाटल्या नीट धुतल्या नाहीस तू."

"मी? तुझ्या सोन्यातच खोट असेल!"

तिने तणतणत पुन्हा धुतल्या. पुन्हा निळं. तिसऱ्यांदाही तेच. डेस्पिनाने वैतागून तो नमुना बाद केला आणि स्वतःचं रक्त वापरलं. ते लालच राहिलं. शोधनिबंध छापून आला. ग्लेनिस महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलली.

अकरा महिन्यांनी ग्लेनिस स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली.

तेव्हापासून डेस्पिनाला मोरीपाशी कोणीतरी बाटल्या घासतंय असं वाटायचं. वळून पाहावं तर मोरी कोरडी. शीतपेटीत ग्लेनिसची एक कुपी उरली होती. दोन वर्षं डेस्पिनाने तो खण उघडला नाही. निळं झालं तर सगळं डोळ्यांसमोर असून आपण पाहिलं नाही. लाल राहिलं तर आपली चाचणीच खोटी. भित्री होती, दुसरं काय!

मार्चमधल्या एका सकाळी ग्लेनिसचा नवरा कॉलिन तिचा पांढरा कोट परत द्यायला आला. सोबत डब्यात स्वतः केलेले लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे होते, जरा कोरडेच झालेले.

"एक विचारू? शेवटी शेवटी सारखं म्हणायची, 'बाटल्या स्वच्छ होत्या, कॉलिन.' होत्या का गं? तेवढंच सांग."

डेस्पिना उठली. कुपी काढून वितळू दिली. दोन कोऱ्या, सीलबंद नळ्या फोडून त्यांत सोन्याचं लाल पाणी ओतलं. एकीत स्वतःच्या रक्तातला द्राव टाकला, दुसरीत ग्लेनिसच्या. पहिली लाल राहिली. दुसरी आधी जांभळी झाली, मग निळी. तो नमुना बाद करणाऱ्या आपल्या हातांची डेस्पिनाला शरम वाटली.

"स्वच्छ होत्या," ती म्हणाली. "चूक माझी होती."

"म्हटलं नव्हतं मी!" कॉलिन कितीतरी दिवसांनी मोकळं हसला. टोपी घालून दारापर्यंत गेला आणि थबकला.

"मग गं, ते पाणी निळं कशानं झालं होतं?"

डेस्पिनाने त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि दार लावून घेतलं.