दोन कॅमचं धनुष्य

"ताई, तुम्ही आपलं एका कॅमचं घ्या," सर म्हणाले. "तुमच्या वयाला तेच झेपेल."

झालं. हे दुसरं वाक्य सरांनी गिळून टाकलं असतं, तर पुढचे सात आठवडे सगळ्यांचे सुखात गेले असते. पण उभा जन्म तिरंदाजी शिकवण्यात घालवलेल्या माणसाला कधी बाण सोडू नये हेच कळत नसेल, तर त्याला कोण काय करणार?

ताई म्हणजे शिवणाची मशीन दुरुस्त करणारी बाई. वय एकोणपन्नास. कपड्यांच्या कारखान्यात ऐंशी मशीन, आणि ऐंशींच्या कुरबुरी तिला नुसत्या आवाजावरून कळायच्या. कुठे टाके सुटायला लागले की सुपरवायझर ओरडायचा, "टायमिंगबाईंना बोलवा." सुई तळाला जाऊन जराशी वर उचलली की नेमक्या त्याच क्षणी शटलच्या टोकाने दोऱ्याचा फास पकडावा लागतो. इकडेतिकडे झालं की टाका गेला. ही वेळ जुळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. नम्रपणा वगैरे भानगड नव्हती.

तिरंदाजीच्या क्लबात ती पहिल्यांदा गेली तीसुद्धा मशीन दुरुस्त करायलाच. निशाण्यामागचे जाड पडदे शिवायची त्यांची मशीन अडून बसली होती. काम उरकल्यावर ती मैदानाच्या कडेला उभी राहून बघत बसली आणि निघता निघता म्हणाली, "एकदा ओढून बघू का?" त्याला तीन वर्षं झाली. अजून काही ती निघालेली नाही.

या वर्षी क्लबाला दोन नवी कंपाउंड धनुष्यं मिळाली. कंपाउंड म्हणजे साधी कमान नव्हे. टोकांना चाकं असतात, आणि ती अशी वेडीवाकडी कापलेली, की दोरी ओढताना आधी जीव काढतात आणि पूर्ण ताणल्यावर बराचसा भार स्वतःवर घेऊन माणसाला निवांत नेम धरू देतात. या वेड्यावाकड्या चाकाला म्हणायचं कॅम. एका धनुष्यात खाली एकच कॅम होता, वर साधी गोल कप्पी. अगदी गरीब गाय. ओढा आणि सोडा. दुसऱ्यात वर एक कॅम, खाली एक. बाण सुसाट जायचा, वाऱ्याला फारसा जुमानायचा नाही. पण दोन्ही कॅम बरोबरीने फिरून एकाच क्षणी थांबायला हवेत. एक जरी मागे रेंगाळला, तरी बाण वर-खाली नाचायला लागतो.

बायकांत तिचे गुण सगळ्यांत जास्त, म्हणून निवडायचा पहिला मान तिचा. उरलेलं धनुष्य बँकवालीला मिळणार होतं. बँकवाली म्हणजे बँकेत काउंटरवर बसणारी मुलगी, तिशीतली, शांत डोक्याची.

"दोन कॅम म्हणजे एका घरात दोन सवती," सर समजावत होते. "रोज भांडणं मिटवायला कोण येणार?"

"सर, माझ्याकडे अशा ऐंशी जोड्या आहेत. रोज नांदवते," ती म्हणाली आणि दोन कॅमचं धनुष्य उचलून चालू लागली.

सात आठवड्यांनी शहराच्या संघाची निवड होती. जागा चार. तिला त्या चारांत यायचं होतं. उगाच आडवळणाने कशाला सांगा, जीव जळत होता तिचा त्या एका जागेसाठी. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या मशीन चालू करून दिल्या, तयार कपडा दुसऱ्यांच्या नावावर गेला. एकदा तरी सगळ्यांच्या देखत काहीतरी आपलं, आपल्या हातचं, निशाण्यावर लागलेलं तिला बघायचं होतं.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. नवं धनुष्य हातात आल्यापासून बाण एक वर, एक खाली. बहात्तर बाणांत सातशे वीसपैकी सहाशे बहात्तर गुण काढणारी बाई सहाशे पंचावन्नवर आली. रोज संध्याकाळी ती धनुष्य टेबलावर आडवं ठेवायची, दोन्ही कॅमवरच्या खुणा पट्टी लावून तपासायची. खुणा तंतोतंत जुळलेल्या. दुसऱ्या दिवशी बाण पुन्हा नाचलेच. तीन आठवडे हेच. सर एका शब्दाने बोलले नाहीत, पण न बोलण्याचीही एक तऱ्हा असते, आणि सरांना ती छान जमायची. बँकवाली मात्र त्या गरीब गाईवर दर आठवड्याला दोन-तीन गुणांनी वर सरकत होती.

"अजून वेळ आहे," शेवटी सर म्हणाले. "क्लबाचं जुनं एका कॅमचं आहे. बदला. कोणी हसणार नाही."

"हसू देत की. मी बदलणार नाही."

सर गेल्यावर मात्र ती बाकावर बसली आणि तिला पहिल्यांदा वाटलं, आपण हट्टापायी हातची जागा घालवतोय.

गुंता सुटला तो कारखान्यात. एक मशीन टाके सोडत होती. हिने नेहमीसारखी वीज बंद केली, कापड काढलं, चाक हाताने हळूहळू फिरवून पाहिलं. वेळ अचूक. जाड कापड घालून चालवली की पुन्हा टाके गायब. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. मग तिने कापड न काढता, भार असतानाच चाक हाताने फिरवलं, आणि सुई जाड शिवणीत वाकून बाजूला सरकताना तिला दिसली. ती तशीच स्टुलावर बसून राहिली. अरे देवा, सत्तावीस वर्षांची सवय नडली होती. मशीन बंद करून टायमिंग लावायचं, हेच हाताला ठाऊक. धनुष्यही ती निजलेलंच तपासत होती. निजलेल्या धनुष्यात दोन्ही कॅम गुण्यागोविंदाने असणारच. भांडण होतं ते ताणल्यावर, आणि ताणल्यावर तिचे डोळे निशाण्यावर. बघणारं माणूस दुसरंच हवं.

सुट्टीच्या दिवशी तिने नवऱ्याला मैदानावर नेलं. नवरा न्हावी. कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं दुकान, बोलणं कमी, हात हलका.

"मला काय कळतंय यातलं?" तो म्हणाला.

"गिऱ्हाइकाचे दोन्ही कल्ले सारखे आहेत की नाहीत, हे कळतं ना तुम्हाला? तेवढंच कळायला हवंय. मी ओढते. पूर्ण ताणल्यावर वरच्या आणि खालच्या कॅमला थांबवणारी खुंटी एकदमच टेकते का, बघा. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

तिने दोरी ओढली. तो पाच पावलांवर उकिडवा बसला, एक डोळा मिटला.

"वरची आधी टेकली. खालची केसभर मागे आहे."

तिने धनुष्य प्रेसमध्ये, म्हणजे दाबून धरायच्या शिकंज्यात घालून त्याची पाती दाबली, कॅमना जोडणाऱ्या एका केबलला अर्धा पीळ दिला. पुन्हा ओढलं. "अजून मागेच." पुन्हा अर्धा पीळ. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "आता सारखं." तिने सहा बाण मारले. सहाही तळहाताएवढ्या जागेत बसले. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं, तर तो गुडघे झाडत होता.

पुढे महिनाभर दर सुट्टीला नवरा उकिडवा बसला. गुण चढत गेले.

निवडीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. बहात्तर बाण झाले, फळ्यावर आकडे लागले. पहिल्या तीन जागा ठरल्या. चौथ्या जागेसाठी दोघी सहाशे एक्क्याऐंशीवर अडकल्या: ही आणि बँकवाली. नियम सरळ होता. दोघींनी एकेक बाण मारायचा, मध्याच्या जवळ जिचा, ती संघात.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटच्या बारा बाणांत दोन उगाच वर गेले होते. उन्हाने केबल सैलावली की हात थकला, कळायला मार्ग नव्हता. सरावाच्या रेषेवर जाऊन तिने नवऱ्याला बोलावलं.

"बघा नीट," ती म्हणाली आणि ओढलं.

तो बसला. थोडा जास्तच वेळ बसला. मग म्हणाला, "सारखं आहे. जा."

बँकवालीने आधी मारला. दहा. एका कॅमचं असून काय सुरेख गेला बाण. हिने रेषेवर पाय रोवले, ओढलं, श्वास धरला. सारखं आहे, असं मनाशी म्हटलं आणि सोडला. तोही दहाच. पंच पट्टी घेऊन गेले, वाकून मोजलं, पुन्हा मोजलं आणि हात हिच्याकडे केला. बाणाच्या जाडीएवढा फरक होता. बँकवालीने येऊन तिला मिठी मारली. सर आले आणि घसा खाकरून म्हणाले, "ताई, शर्टाचं माप देऊन जा." त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ होतं.

घरी चालत जाताना नवरा एकाएकी थांबला.

"एक सांगू? रागावू नकोस. मघाशी मला काही दिसलंच नाही. तुझा चेहरा बघितला आणि डोळ्यांत पाणीच आलं. मी आपलं सारखं म्हणून टाकलं."

ती भडकली. "खोटं बोललात? तेही त्या वेळी? इतकं बजावून ठेवलं होतं मी तुम्हाला."

"हो."

ती तरातरा पुढे चालत घरी गेली. सकाळ उजाडताच त्याला ओढत मैदानावर घेऊन गेली. तिने दोरी ओढली, तो बसला, या वेळी दोन्ही डोळे कोरडे.

"वरची आधी टेकतेय," तो हळूच म्हणाला. "केसभर नाही. चांगली दोन केस."

तिने दोरी सावकाश परत सोडली आणि धनुष्य मांडीवर घेऊन गवतात बसली.

"म्हणजे काल बाण चुकायलाच हवा होता," तो म्हणाला.

"हवा होता," ती म्हणाली. "चुकला नाही."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. कालच्या जिंकण्यावर आलं नव्हतं ते आत्ता आलं. जन्मभर तिची समजूत होती, की यंत्र नीट तर काम नीट, हाताचं त्यात काही नसतं. कालचं यंत्र बिघडलेलं होतं. बाण तिचा होता, सगळाच्या सगळा तिचा. तो शेजारी बसून राहिला आणि तिला रडू दिलं.

मग तिने बाहीने नाक पुसलं आणि प्रेस पुढे ओढली.

"चला, पीळ द्यायचाय. आणि या वेळी दिसलं तरच दिसलं म्हणा."