वांगचा वामनशेठ

धाकट्या, मी निघालो त्या सकाळी खळ्यावर भुईमुगाच्या शेंगा वाळत पडल्या होत्या. समुद्राकडून आलेलं धुकं इतकं खाली उतरलं होतं, की तू खळ्याच्या पलीकडे उभा होतास आणि मला फक्त तुझे पाय दिसत होते. आईने सारण भरलेल्या करंज्या उकडल्या होत्या. आपल्याकडे जाणाऱ्याला तेच वाढतात आणि परत येणाऱ्याला लांब शेवया. "पोटभर खा," ती म्हणाली. "शेवयांचं पीठ मी राखून ठेवते." ती रडली नाही. मीही नाही.

हे सगळं मी मराठीत सांगतो आहे आणि माझी लेक उतरवून घेते आहे. तुला वाचता येणार नाही, हे मला कळतं. पण आता लांबलचक काही बोलायचं म्हटलं की जीभ याच भाषेकडे वळते. माझ्याबरोबर जहाजावर चढलेले आणि मग रंगून, कलकत्ता, कुठे कुठे विखुरलेले सोबतीही असंच कुणाच्या तरी भाषेत आपापल्या धाकट्याला सांगत असतील.

काका पुढे आणि मी मागे, पाठीवर विकायच्या चिनी रेशमाचं गाठोडं. जालन्याला आगगाडीतून उतरून आम्ही बीडच्या वाटेला लागलो. गोदावरी ओलांडली. पुढचे महिने मला स्वप्नासारखे आठवतात: काळी जमीन, पांढरं ऊन, देशमुखांच्या घरातल्या बायका दाराआडून नुसता हात बाहेर काढून रेशीम चाचपायच्या. नाव विचारलं की मी सांगायचो, वांग. "भाजीतलं वांगं का?" म्हणून हसायच्या. शेवटी एका म्हातारीने निकाल लावला. "त्याला वामन म्हना गं. वांगं म्हनलं की मला भूक लागती." तेव्हापासून मी वामन.

नेकनूरला काकांना ताप भरला. आम्ही ज्या पडवीत टेकलो, ती खंडू तेल्याची होती. आत घाणा चालू होता. बैल झोपेत असल्यासारखा फिरत होता, घाण्याची लाकडी लाट करकरत होती, आणि करडईच्या तेलाचा उबदार वास पडवीभर पसरला होता. आपल्या घराला असाच वास येतो, धाकट्या. मी भिंतीला टेकून डोळे मिटले आणि समुद्र ऐकू आला.

काका बरे झाले ते खंडूमामांच्या घरच्या कण्या खाऊन. मग ते परत निघाले आणि मी म्हणालो, मी मागाहून येतो. काकांनी उरलेलं रेशीम माझ्याकडे सरकवलं. "आईला काय सांगू?"

"पुढच्या हिवाळ्यात येतो म्हणून सांगा."

खंडूमामांची लेक गया लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. ती घाण्याला बी घालायची. मी चुकीचं मराठी बोललो की हसायची नाही, फक्त तेच वाक्य नीट करून पुन्हा म्हणायची. मी ते वाक्य तिच्यामागून म्हणायचो. असं करता करता एक दिवस मी विचारलं, आणि तिने माझं वाक्य दुरुस्त केलं नाही.

गयाशी माझा पाट लागला, तसं बिरादरीने आमचं पाणी तोडलं. गावात कुणी तेल न्यायला येईना. खंडूमामा रिकाम्या घाण्यावर बसून म्हणाले, "आता काय करायचं, वामनराव? हितं तर कुत्रंबी इचारंना."

"मग लांब विकू, मामा."

उरलेलं रेशीम मी विकून टाकलं आणि भुईमुगाचं बियाणं आणलं. चौसाळ्याच्या शेतकऱ्यांना ते वाटलं, पीक आम्हीच विकत घेऊ म्हणून सांगितलं. आपल्या बापाने जसं पेरलं तसं पेरायला शिकवलं. तेल बैलगाडीने जालन्याला, तिथून पार हैदराबादला जाऊ लागलं. गावात आम्हाला कुणी विचारलं नाही म्हणून मी मुलूखभर पसरलो. मुंबईहून तेलगिरणीचं इंजिन आलं तेव्हा गाड्यांच्या मागे अख्खं नेकनूर चालत होतं, बिरादरीसकट. माजलगावला दुसरी गिरणी झाली, परळीला तिसरी. वामनचा वामनशेठ झाला. सरकारी अंमलदार माझ्या ओसरीवर चहा पिऊ लागले. आणि पुढचा हिवाळा दर हिवाळ्याला पुढे जात राहिला.

शेवटी मी आपल्या घरी आलो तेव्हा काय झालं, तुला ठाऊक आहे. पण तू दुपारी शेतावर होतास, म्हणून एक गोष्ट तुला माहीत नाही. मी कायमचा राहायला आलो होतो. गयाला तसं बोललो नव्हतो, पण निघताना तिने माझ्याकडे पाहिलं त्यावरून तिला कळलं असावं. आईला दिसत नव्हतं. तिने चाचपडत शेवया लाटल्या, माझ्यापुढे ठेवल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी जेवलो आणि अंगणात झोपलो. जाग आली तशी घसा कोरडा पडला होता. डोळे न उघडताच मी मराठीत म्हणालो, "गया, पाणी दे गं."

आई जवळच बसली होती. तिने विचारलं, "काय मागितलंस?"

"पाणी."

"आणि आधी काय म्हणालास?"

मी डोळे उघडले. तिने उठून वाडगा भरून आणला, माझ्या हातात दिला. म्हणाली, "पाणी पी आणि जा. जिला हाक मारतोस, तिला ऐकू जायला हवं."

म्हणून मी गेलो, धाकट्या. तू वेशीपर्यंत माझ्याशी भांडत आलास आणि मी तुला कारण सांगू शकलो नाही. ते आता सांगितलं.

आई गेल्याचं काकांच्या मुलाकडून कळलं. त्या दिवशी इंजिन बंद ठेवलं. माजलगावाबाहेर सिंदफणेच्या काठी जाऊन बसलो. आपली माणसं परदेशात मेली तरी हाडं गावी पाठवतात, हे गयाला मी कधीतरी सांगितलं होतं. ती मागून येऊन शेजारी बसली. म्हणाली, "तुमाला कुठं ठिवायचं ते आत्ताच सांगा. मागनं मला कुनाशी भांडन नको."

"तुझ्याआधी गेलो तर इथंच."

"अन् मी आधी गेले तर?"

पाणी संथ वाहत होतं, पलीकडच्या काठावर मेंढरं उतरली होती.

"तर मी इथं पुन्हा परदेशी," मी म्हणालो.

ती सरकून थोडी जवळ बसली.