पंप बंद करायला घाबरणारा नासिर

राजूरच्या खाणीत नासिर पाणी उपसायचा पंप चालवायचा, मी कोळसा भरायचो. माझं काम चुकलं तर कोळसा कमी निघे. त्याचं चुकलं तर आम्ही सगळे पाण्यात. म्हणून डबा खातानाही त्याचा एक कान पंपाकडे असे.

निवृत्तीनंतर तो खाटेला लागला. जेवण नको, बोलणं नको. फक्त तंबाखू-सुपारीचा खर्रा. वणीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. काही दिवसांनी त्याची बायको शमसुन्निसाभाभी मला बोलवायला आली. गोळ्यांचं पाकीट फोडलेलंही नव्हतं.

"काहून घेत नाही?" मी विचारलं.

"बाई म्हणे, डोक्यात बारीक पंप असतात. गोळी ते बंद करते," नासिर म्हणाला. "पंप बंद केला तर काय होते, तुले मालूम नाही का?"

"डोक्यात पाणी भरन म्हणते, बळीरामभाऊ," भाभी म्हणाली. "आता काय भरलं आहे, ते इचारा."

मला हसू आलं. पण त्याची भीती खरी होती. दुसऱ्या दिवशी त्याला ऑटोत बसवून वणीला नेलं.

बाईंनी घाई न करता समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनातून निरोप देतात. निरोप पोचला की हे पंप रसायन परत ओढून घेतात. खर्रा तसलंच एक रसायन एकदम सोडायला लावतो. ते ओसरलं की पुन्हा तलफ. गोळीनं रसायन जरा जास्त वेळ टिकतं, म्हणून ती उदासीला अन् तलफेला दोन्हीला मदत करते. "सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही," असंही त्या म्हणाल्या.

नासिर सरळ बसला. "म्हणजे इथं पाणी ठेवायचं आहे?"

"हो."

"अन् पंप पुरा बंद?"

"नाही. थोडा मंद."

"मग वॉल्व आवळला म्हणा ना, बाई. खाणीतलं डबकं आटलं की आम्ही तेच करत होतो. नाही तर पंप हवा ओढते अन् जळते."

गोळी लगेच लागू पडली नाही. भाभी कुरकुरली. "वॉल्व आवळला की डबकं लगेच भरते का?" तो म्हणाला. खर्रा अजून पुरता सुटलेला नाही. पुडी हातातून खाली ठेवायचे कष्ट गोळी करत नाही, ते त्यालाच करावे लागतात.

परवा सकाळी मी अंगणातला बोअर चालू केला. नासिर शेजारच्या घरातून चालत आला.

"ऐकू येत नाही का तुले? हवा ओढून राह्यला."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यानं स्वतःच बटण दाबून पंप बंद केला.