एकटीची शिकवणी

“एकटी न्हाई बसायची पोरगी,” बन्सीभाऊ म्हणाले आणि त्यांनी आपली टोपी माझ्या पेटीवर अशी ठेवली, जणू ती जागा आता त्यांच्या नावावर झाली.

“भाऊ, प्रायव्हेट म्हणजे एकटीच. दुसरं कुणी बसलं तर ते प्रायव्हेट कसं राहील?”

“मंग तुमी प्रायव्हेटच शिकवा. पण तिची याडी बसंल संगं.”

याडी म्हणजे आई. बन्सीभाऊ सेनगावजवळच्या बंजारा तांड्यावरचे. थोडी शेती, दोन बैल, आणि लीला नावाची बारावी झालेली मुलगी. मी सेनगावात मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात गायनाचा क्लास चालवत होतो. हिंगोली तेव्हा नुकताच परभणीतून फुटून जिल्हा झाला होता आणि सगळ्यांना वाटत होतं की आता इथं काय वाट्टेल ते होईल. मलाही वाटत होतं. संध्याकाळी माझी पोरं ‘सा’ लावायची तेव्हा स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीच्या काचा थरथरायच्या. ड्रायव्हर म्हणायचे, गाडी जुनी आहे म्हणून. गाडी जुनी होतीच, पण थरथर माझ्या क्लासची.

खरं सांगायचं तर त्या सगळ्या आवाजात आवाज एकटीचाच होता, लीलाचा. बाकीची पोरं धुणं दोरीवर टाकावं तसे आपापले सूर तिच्या आवाजावर टाकून मोकळी व्हायची. तहसीलातल्या कारकुनांची, पुजाऱ्यांची, मास्तरांची लेकरं ती. त्यांच्या आईबापांना वाटायचं, आपला बाळ काय गातो! बाळ तोंड हलवायचा.

आता लीलाचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. तांड्याजवळच्या आश्रमशाळेच्या सचिवांनी शब्द दिला होता की संगीताच्या प्रवेशिका परीक्षेचा कागद आणा, पोरीला गाणं शिकवायला घेतो. आणि बन्सीभाऊंनीही शब्द दिला होता. एक परीक्षा. पास झाली तर नोकरी करू दे. नाही तर पुसदकडचं स्थळ तयार आहे, तुरी निघाल्या की बार उडवून टाकू. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर होता. वाईट होता असं कुणीच म्हणालं नाही. लीला फक्त एवढंच म्हणायची, “सर, मला शिकवायचंय. रोटी तर सगळ्याच थापतात.”

भानगड दिवाळीच्या सुट्टीत उघडी पडली. गावातली पोरं मामाच्या गावाला गेली होती आणि क्लासला लीला एकटीच आली. मी म्हणालो, चला, आज भूप राग नीट घेऊ. तिनं पहिली ओळ म्हटली. अशी म्हटली की देवळावरचे पारवे उडायचे विसरले. आणि थांबली.

“काय झालं?”

“काय न्हाई सर.”

“मग थांबलीस काहून?”

“आता त्यांनी म्हणायचं ना.”

“कुणी?”

तिनं रिकाम्या सतरंजीकडं हात केला.

तांड्यावर बायका गातात त्या समोरासमोर दोन रांगा करून. एका रांगेनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची. उचलली गेली की पुढची टाकायची. लीला रांगायला लागल्यापासून तेच ऐकत आली होती. क्लासातसुद्धा तिनं ओळ टाकली की बाकीची पोरं, कशीबशी का होईना, ती उचलायची. मी त्याला ग्रुप क्लास म्हणत होतो. तिच्या लेखी तो तांडाच होता.

“पण एकटीनं गायचं असेल तर?” मी विचारलं.

“पडलेली ओळ तशीच पडू द्यायची? अन् तिच्यावर पाय देऊन पुढं जायचं? चांगलं दिसतं का सर ते?”

परीक्षेत मात्र तसंच जावं लागतं. तिथं बंद खोलीत उमेदवार एकटा. समोर परीक्षक, बाजूला तबलजी, आणि पेटीवर साथीला शिक्षक चालतो. छोटा ख्याल म्हणायचा. म्हणजे रागात बांधलेलं एक लहानसं गाणं, मधे सूर फिरवून दाखवायचे आणि पुन्हा गाण्यावर यायचं. थांबायला जागाच नाही. तबला आगगाडीसारखा पुढं जात असतो, तुम्ही प्लॅटफॉर्मवर राहिलात तर राहिलात.

तेव्हा माझ्यापुढं दोन वाटा होत्या. लीलाला ग्रुपमध्येच ठेवायचं आणि मारुतीवर भरवसा टाकायचा, नाही तर तिला प्रायव्हेट शिकवायचं, म्हणजे एकटं गायची सवय लागेल. विहिरीत पोहायला शिकवताना कधीतरी पाठीवरचा डबा सोडावाच लागतो. मी प्रायव्हेट ठरवलं, बन्सीभाऊंची टोपी पेटीवरून उचलून त्यांच्या हातात दिली आणि याडीची अट मान्य केली.

पहिल्या दिवशी प्रायव्हेटला लीला आली, याडी आली, काकी आली, काकीची जाऊ आली, बाजाराला निघालेल्या शेजारणी आल्या, आणि एक म्हातारी आली, जिला जीपमध्ये जागा रिकामी होती म्हणून घेतलं होतं. एवढा मोठा ग्रुप मी उभ्या आयुष्यात शिकवला नव्हता. म्हातारीनं मला विचारलं, “लेकरा, तुझं लग्न झालं का?”

मी सगळ्यांना बाजारात पिटाळलं. याडी राहिली. ती खांबामागं बसायची, ओढणी पार नाकापर्यंत ओढलेली, मांडीवर कापड, त्यावर आरसे टाचत. माझ्याशी बोलायची नाही. मी विचारलं, “पाणी देऊ का?” तर लीलाकडं बघायची आणि लीला सांगायची, “नको म्हणती.”

आणि चमत्कार झाला. लीला थांबेना. एक ओळ झाली की मी पेटीवर तीच वाजवायचो तेवढा श्वास, आणि दुसरी. बंदिश सुरुवातीपासून शेवटापर्यंत, सरळ. मी हरखलो. स्टँडवर चहा पिताना मी लोकांना सांगू लागलो की प्रायव्हेट शिकवणीची गोष्टच वेगळी, मुक्याला बोलतं करतो आपण. दोघातिघांनी आपली लेकरं प्रायव्हेटला घालायची चौकशीही केली.

माझ्या पेटीचा भाता फाटका होता. तो अशा धापा टाकायचा की लीला म्हणायची, “सर, तिला दमा झालाय. आधी तिला दवाखान्यात न्या.” त्या धापांत मला खांबामागचं काय ऐकू येणार?

परीक्षा हिंगोलीला एका शाळेत होती. परीक्षक औरंगाबादहून आलेले, जाकीट, सोनेरी चष्मा, तोंडात लवंग. सज्जन माणूस. मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्यावर राग धरायला मी पुष्कळ जागा शोधली, सापडली नाही.

“उमेदवार आणि साथीदार. बाकी बाहेर,” ते म्हणाले.

याडी व्हरांड्यात गेली. दार लागलं. मी शाळेच्या पेटीवर हात ठेवला. ती पेटी नवी होती, तिला दमा नव्हता.

लीलानं पहिली ओळ टाकली. परीक्षकांनी लवंग चघळायची थांबवली. मी मनात म्हटलं, झालं काम, घ्या पेढे.

लीला थांबली.

तबला चालला होता. मी पेटीवर तीच ओळ वाजवली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग रिकाम्या भिंतीकडं.

“पुढे?” परीक्षक म्हणाले.

मी स्वतः ओळ उचलायला तोंड उघडलं. त्यांनी बोट हलवलं. “मास्तर, तुमची परीक्षा कधीच झाली आहे.”

तेवढ्यात दाराबाहेरून ओळ आली. कुजबुज नव्हे, खांबामागची गुणगुण नव्हे. दोन शेतं पलीकडच्या बाईला ऐकू जावी अशी मोकळ्या गळ्याची. सूर बराबर, भूपातच. लेकराची ओळ पडून राहिली होती, ती याडीनं उचलली.

लीलाचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला. तिनं दुसरी टाकली. बाहेरून ती आली. मग मायलेकी निघाल्या. तबलजी हातानं वाजवायचा सोडून मानेनं वाजवू लागला. शेजारच्या वर्गातले उमेदवार खिडकीत जमले. शिपाई घंटेची हातोडी हातात धरून उभाच राहिला. परीक्षकांच्या तोंडून “वा!” निघून गेलं, आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि हात वर केला.

“थांबा. असं चालत नाही.”

“साहेब, पण ऐकलंत ना?” मी म्हणालो.

“ऐकलं म्हणूनच म्हणतोय. दोघींचं गाणं असतं तर पहिला नंबर दिला असता. मला एकीला मार्क द्यायचे आहेत. ती बाई कोण आहे?”

“आई.”

“त्यांना गेटपर्यंत न्या.”

शिपायानं याडीला गेटबाहेर नेलं. तिथून काही ऐकू येत नाही, मी नंतर उभा राहून बघितलं. परीक्षक लीलाला म्हणाले, “बेटा, घाई नाही. पाणी पी. एकटीनं म्हण.”

ती पाणी प्यायली. तिनं पहिली ओळ म्हटली. आधीपेक्षा सुंदर. आणि थांबली. परीक्षकांनी वाट बघितली. खरंच बघितली. तबलजीनं आवर्तनामागून आवर्तनं वाजवली, मग त्याचाही हात हळू झाला.

“पुरे,” ते खाली बघत म्हणाले.

एसटीत याडी माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मराठी येत होतं तिला चांगलं.

“मास्तर, काय चुकलं माझं?”

“तुमचं काही नाही बाई.”

“लेकरू थांबलं तर आईनं उचलू नाही का? तुमच्या देवळात रोजच उचलत होते म्या.”

मी लीलाकडं बघितलं. “तुला माहीत होतं?”

“मला वाटलं तुमालाबी ऐकू येऊन राहिलं,” ती म्हणाली. मग सेनगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

मी तांड्यावर गेलो. बन्सीभाऊ तुरीला लागलेल्या अळ्या बघत होते. मी म्हणालो, “भाऊ, उन्हाळ्यात पुन्हा परीक्षा असते. आता दुखणं कळलं आहे, औषध करू.”

“काय औषध?”

“याडीला थोडं थोडं लांब बसवायचं. आधी खांबामागं, मग पायरीवर, मग रस्त्यावर.”

ते हसले नाहीत. “मास्तर, तुमी चांगले हाव. तुमची तकलीफ दिसून राहिली मला. पण म्या शब्द दिला तो एका परीक्षेचा. तिकडच्या लोकायलाबी शब्द दिला. आता कुणाकुणाचा मोडू?”

मी सचिवांकडं गेलो. ते म्हणाले, कागदाशिवाय मी काय करू, वरून तपासणी येते. त्या वर्षी आश्रमशाळेत पीटीचे सरच प्रार्थना घेत होते. शिट्टी वाजवून सुरू करायचे.

लीला नंतर एकदा क्लासला आली, वह्या परत द्यायला. मी म्हटलं, बस, एक ओळ म्हण. “आता काहून सर?” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तुरी निघाल्या आणि लग्न झालं. मी गेलो होतो. जेवलो, आहेर केला, निघणार तेवढ्यात पाठवणी सुरू झाली. तांड्यावर नवरी जाताना रडत गाते. एकेकाच्या गळ्यात पडते आणि त्याला गाऊन निरोप देते. ढावलो म्हणतात त्याला. मी तोवर कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, दोन मिनिटं थांबावं.

लीला बापाच्या गळ्यात पडली. ओळ म्हटली. मी सवयीनं कान दिला, आता कोण उचलतंय. कुणीच उचलली नाही. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “ढावल्यात कोनी न्हाई उचलत मास्तर. तिचं तिलाच म्हणा लागतं.”

तिनं श्वास घेतला आणि दुसरी ओळ म्हटली. मग तिसरी. मग काकीच्या गळ्यात, मग भावाच्या, मग बैलाच्या. मी यात एक मात्रासुद्धा वाढवून सांगत नाही. ती कुठं थांबली नाही. रडत होती, हुंदके देत होती, आणि सूर जागचा हलत नव्हता. एकटीनं गायला जे जे मी शिकवायला निघालो होतो, ते सगळं त्यात होतं, आणि कुणी मार्क देणारं नव्हतं.

शेवटी याडीसमोर आली. याडीनं ओढणीचा बोळा करून तोंडात धरला होता, दातांनी घट्ट. लेकीची ओळ येत होती, आणि ती उचलत नव्हती.

माझ्यापर्यंत ती आली नाही. मास्तराचा निरोप घ्यायची रीत त्यात नसते.

आता पालक विचारतात, सर, प्रायव्हेट लावू का ग्रुप? मी म्हणतो, आधी सांगा, पोरगी गाते तेव्हा घरात तिच्यासोबत कोण गुणगुणतं? त्या माणसाला पहिल्या दिवशी घेऊन या, माझ्यासमोर बसवा, खांबामागं नको. पालक एकमेकांकडं बघतात, हसतात, आणि ग्रुपलाच नाव घालतात. ग्रुपच्या वेळेला परतीची जीप मिळते.