मोटेच्या चामड्याची पट्टी

कारखान्याच्या दुसऱ्या गळीत हंगामात, संक्रांतीच्या सुमारास, चिपाडाचा पट्टा कडेने फाटला आणि गाळप बंद पडले. इंदापूर तालुक्यातल्या त्या साखर कारखान्यात उसाचे पिळलेले चिपाड या पट्ट्यावरून बॉयलरकडे जाई. पट्टा रबर आणि कॅनव्हासचा होता, विलायतेहून आलेला. दुसरा मागवला तर हंगाम संपायच्या आत पोचणार नव्हता.

फाटण्याचे कारण सर्वांना माहीत होते. रसाने चिकट झालेला भुसा पट्ट्याला धरून खालच्या रुळांवर जाई, तिथे सुकून घट्ट होई. मग पट्टा एका अंगाला सरके आणि लोखंडी सांगाड्याला घासे. भुसा खरवडायला, पट्टा फिरवणाऱ्या लोखंडी ढोलापाशी दोन माणसे नेमलेली होती, दोन कडांना दोन. एक मी, कऱ्हाटी गावचा. दुसरे कळसचे, वयाने मोठे. त्यांना सगळे तात्या म्हणत. हातातली लाकडी फळी लवकर झिजे. लोखंडी खुरपे लावून पाहिले तेव्हा कॅनव्हासच सोलला गेला.

चाळीतल्या खोलीत माझ्याबरोबरचे तिघे उत्तरेकडचे, साखर शिजवणारे होते. त्यांची पाळी वेगळी, भाषा वेगळी. कऱ्हाटीला जाणे हंगामात होत नसे. माझे बोलणे जे काही होई ते तात्यांशी, पट्ट्यापलीकडे, यंत्राच्या आवाजावरून.

पट्टा सांधून चालू झाला, तेव्हा इंजिनियर साहेब खाली आले. पुन्हा फाटला तर दोघांनाही काढू, असे त्यांनी सांगितले. भुसा काढायची पक्की सोय झाली तर इथे एकच माणूस ठेवू, मागून लागलेला जाईल. मागून लागलेले तात्या होते.

आठवड्याच्या सुट्टीनंतर तात्या घरून येताना खांद्यावर विहिरीचे पाणी उपसायची जुनी चामडी मोट घेऊन आले. कळसला कालव्याचे पाणी आल्यापासून ती गोठ्यात पडून होती.

"तुमच्याकडं अजून बैलं इहिरीवर मोट वढत्यात," ते म्हणाले. "आमची मोट उंदरं खात्यात. त्यापरीस हितं भुसा खरवडाया लावू."

मी म्हणालो, "तुमचंच चामडं, तात्या, आन् तुमालाच घालवाया निघालंय."

"पट्टा फाटला तर दोघं बी जानार. असा एक तर ऱ्हाईल."

 तात्या फळी उचलून आपल्या कडेला गेले.

चामड्याची रुंद पट्टी कापली, दोन लाकडांत बोल्टांनी आवळली आणि ढोलाखाली आडवी बसवली. ती पट्ट्याला टेकून राहावी म्हणून लाकडांना जोडलेल्या दांडीच्या टोकाला दगड टांगला. बसवण्याआधी आम्ही पट्टीला करंजीचे तेल चोळले. मोटेला दरसाल तेल द्यायचे, हे दोघांच्याही हाताला इतके सवयीचे होते की कुणी विचार केला नाही. दुपारपर्यंत तेल कडेवरून पट्ट्याच्या आतल्या बाजूला उतरले. ढोल फिरत राहिला, पट्टा जागच्या जागी घसरू लागला. गाळप थांबवावे लागले. साहेब वरून बघत उभे होते. त्यांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली.

आम्ही पट्टा आणि ढोल राखेने आणि गरम पाण्याने घासला. मोटेच्या उरलेल्या चामड्यातून नवी पट्टी कापली आणि फक्त पाण्यात भिजवून लावली. घासताना तात्या एकदाच बोलले. कळसात हे कळले तर पोरे आपल्याला जन्मभर तेलावरून चिडवतील, असे म्हणाले आणि स्वतःच हसले. दिवस मावळायच्या आत पट्टा चालू झाला.

ती पट्टी हंगाम संपेपर्यंत टिकली. रुळांवर भुसा जमला नाही आणि पट्टा बदलावा लागला नाही. पट्टीवरचा भुसा झाडायला आणि दगड वरखाली करायला एक माणूस पुरत होता. गाळप संपल्यावर तात्यांना हिशेब देऊन मोकळे केले. ते सामान घेऊन पट्ट्यापाशी आले. बॉयलर थंड होता, यंत्रे बंद होती. तिथे ओरडायची गरज नव्हती. त्यांनी दगड हाताने तोलून पाहिला आणि निघाले.

पुढच्या हंगामात ढोलापाशी मी एकटा होतो. पाळीभर बोलायचा प्रसंग येत नसे. दिवाळीनंतर कळसचा एक गाडीवान ऊस घेऊन आला आणि पोत्यात गुंडाळलेले चामडे माझ्याकडे देऊन वजनकाट्याकडे गेला. तात्यांनी पाठवले, एवढेच त्याने सांगितले. चामडे कोरडे होते. त्याला तेल लावलेले नव्हते. जुनी पट्टी झिजत आली होती. नवी त्याच दुपारी बसवली.